वाचक विचारतात : हॉलिवूडचे जुने गँगस्टरपट

१९३० आणि १९४० च्या दशकांतल्या अमेरिकन गँगस्टरपटांवर या वेळी इतके प्रश्न आले, की सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. शेवट सांगितल्याशिवाय काही उत्तरं देता येत नाहीत. कथा आधी कळलेली ज्यांना चालत नाही, त्यांनी पहिलं उत्तर वाचून थांबावं, चित्रपट पाहावेत आणि मग पुढे यावं.

प्रश्न : यातला एकही चित्रपट मी पाहिलेला नाही. सुरुवात कुठून करू?

सहा चित्रपट पाहिलेत तरी या प्रकाराचा पाया पक्का होईल : ‘लिटल सीझर’ (१९३१, ७९ मिनिटं), ‘द पब्लिक एनिमी’ (१९३१, ८३ मिनिटं), ‘स्कारफेस’ (१९३२, ९३ मिनिटं), ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’ (१९३८, ९७ मिनिटं), ‘द रोअरिंग ट्वेंटीज’ (१९३९, १०६ मिनिटं) आणि ‘व्हाइट हीट’ (१९४९, ११४ मिनिटं). सगळे मिळून साधारण साडेनऊ तास होतात.

सालाच्या क्रमाने पाहण्यात एक अडचण आहे. यादीतला पहिला, ‘लिटल सीझर’, हाच सर्वांत ताठर आहे. बोलपट स्थिरावून तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती. आवाज नीट पकडला जावा म्हणून पात्रं टेबलाभोवती किंवा दारात उभी राहून बोलतात आणि कॅमेराही फार हलत नाही. त्यामुळे सवय नसलेला प्रेक्षक विसाव्या मिनिटाला कंटाळतो आणि सगळा प्रकारच बाजूला टाकतो. म्हणून आधी ‘द पब्लिक एनिमी’ पाहा, मग मागे ‘लिटल सीझर’कडे या आणि त्यानंतर क्रमाने पुढे जा. एका बैठकीत दोन पाहू नका. सगळ्यांच्या कथांचा आराखडा जवळचा आहे, लागोपाठ पाहिल्यास एकाचे प्रसंग दुसऱ्यात मिसळतात.

मूकपट आवडत असतील तर जोसेफ फॉन स्टर्नबर्गचा ‘अंडरवर्ल्ड’ (१९२७) जरूर पाहा. त्याच्या कथेसाठी बेन हेक्टला पहिल्याच ऑस्कर समारंभात पुरस्कार मिळाला होता. पुढे ‘स्कारफेस’च्या लेखनातही मुख्य हात हेक्टचाच होता.

प्रश्न : शेवटी प्रत्येक वेळी गुंड मरतो, ‘गुन्ह्याचं फळ वाईट’ अशी पाटीही असते. तरी मन त्याच्याच बाजूला का जातं?

वेळेचा हिशेब पाहा. ‘लिटल सीझर’ ७९ मिनिटांचा आहे. त्यातला गुंड रिको (एडवर्ड जी. रॉबिन्सन) याची घसरण जेमतेम शेवटच्या पाव भागात येते. त्याआधीचा सगळा वेळ तो वर चढत असतो. सुरुवातीला पेट्रोल पंप लुटून तो एका खानावळीत शिरतो आणि पुरावा आपल्या बाजूने असावा म्हणून भिंतीवरच्या घड्याळाचे काटे मागे सरकवतो. मग जेवता जेवता वर्तमानपत्रात एका बड्या टोळीवाल्याच्या मेजवानीची बातमी वाचतो आणि शहराकडे निघतो. पुढे त्याची प्रत्येक बढती कपड्यांवरून मोजता येते : आधी दुसऱ्याच्या टायपिनकडे, अंगठीकडे लागलेली नजर, मग नवा कोट, मग आरशासमोर उभं राहून घातलेला मेजवानीचा पोशाख. प्रेक्षकाचे डोळे तासभर जे पाहतात ते शेवटच्या काही मिनिटांनी पुसलं जात नाही.

त्यातही हे १९३१ साल होतं. बँका बुडत होत्या, कारखाने बंद पडत होते आणि नियमाने वागणारी माणसं रांगेत उभी होती. अशा वेळी पडद्यावर एकच माणूस घाईत होता आणि स्वतःचा निर्णय स्वतः घेत होता. तो वाईट आहे हे कोणालाही सांगावं लागत नव्हतं. पण बाकी सगळी पात्रं थांबलेली आणि हा चालणारा, एवढ्या फरकावर नजर त्याच्याकडे जातेच.

तिसरं कारण दिग्दर्शनातलं आहे आणि आमच्या मते तेच सर्वांत महत्त्वाचं. या चित्रपटांत खून बहुतेक वेळा दिसत नाही. ‘द पब्लिक एनिमी’त टॉम पॉवर्स (जेम्स कॅग्नी) लहानपणी ज्याने आपल्याला बिघडवलं आणि मग वाऱ्यावर सोडलं त्या पुटी नोजला गाठतो. पुटी नोज जीव वाचवायला पियानोवर जुनं गाणं म्हणू लागतो. दिग्दर्शक विल्यम वेलमन इथे कॅमेरा हळूच बाजूला वळवून दारापाशी उभ्या असलेल्या मित्राच्या चेहऱ्यावर नेतो. गोळी ऐकू येते, पियानोच्या पट्ट्यांवर काहीतरी कोसळल्याचा आवाज येतो, एवढंच. मग टॉम शांतपणे बाहेर पडतो. शेवटच्या सूडाच्या प्रसंगातही कॅमेरा पावसात रस्त्यावरच थांबतो. आतला गोळीबार आणि किंकाळ्या कानांवर येतात, आणि टॉम धडपडत बाहेर येऊन गटाराच्या कडेला पडतो. त्याने मारलेली माणसं आपण पाहिलेली नसतात, त्याचं पडणं मात्र पूर्ण पाहतो. सहानुभूती कुणाकडे जाणार हे तिथेच ठरतं.

समीक्षक रॉबर्ट वॉरशॉ यांनी १९४८ मध्ये या नायकावर निबंध लिहिला, तो आजही वाचण्याजोगा आहे. यशस्वी व्हायचं म्हणजे सगळ्यांपेक्षा वेगळं आणि एकटं व्हायचं, आणि एकटा पडलेला मारला जातो, अशी त्यांची मांडणी आहे. रिकोला हे तंतोतंत लागू पडतं. तो दारू पीत नाही, बायकांच्या मागे जात नाही, त्याला एकच मित्र आहे आणि त्याच मित्रावर गोळी झाडता न आल्यामुळे तो संपतो.

प्रश्न : जेम्स कॅग्नीचं एवढं कौतुक का? आजच्या नजरेला तो मोठमोठ्याने बोलणारा, भडक वाटतो.

पहिल्यांदा आवाज बंद करून दहा मिनिटं पाहा. कॅग्नी मुळात नर्तक होता. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढला आणि रंगमंचावर आधी नाचायला उभा राहिला, अभिनय नंतर आला. म्हणून तो टाचेवर चालत नाही, चवड्यांवर चालतो. वजन किंचित पुढे असतं, कोपरं शरीरापासून सुटी असतात आणि थांबतो तेव्हा झटक्यात थांबतो. उंची बेताची असूनही तो चौकटीत लहान दिसत नाही याचं कारण हे आहे. ‘द पब्लिक एनिमी’त जीन हार्लोने केलेल्या तरुणीशी ओळख झाल्यावर रस्त्यावरून जाताना तो पायांची एक छोटी गिरकी घेतो. क्षणभराचीच, पण टॉमला काय वाटलं ते संवादाविना कळतं.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे त्याची मूठ. टॉम ज्याच्यावर माया करतो त्याच्या हनुवटीवर हलकेच ठोसा देतो. आईलाही देतो आणि मित्रालाही. हीच मूठ पुढे खरी चालते. माया आणि मार या दोन्हींसाठी एकच हालचाल ठरवून त्याने पात्राचा स्वभाव बांधला आहे. ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’मधल्या रॉकी या गुंडासाठी त्याने खांदे उडवण्याची आणि मान ताणण्याची लकब घेतली. ती लहानपणी आपल्या वस्तीत पाहिलेल्या एका दलालाची होती, असं त्यानेच पुढे सांगितलं. त्या लकबीचा वापर मोजून केलेला आहे : रॉकी मोकळा असतो तेव्हा ती भरपूर येते आणि कोंडीत सापडला की नाहीशी होते.

त्याच चित्रपटाचा शेवट बारकाईने पाहण्यासारखा आहे. वस्तीतली पोरं रॉकीला देव मानतात. पाद्री झालेला त्याचा बालमित्र विनवतो, की विजेच्या खुर्चीकडे जाताना घाबरल्यासारखा वाग, म्हणजे पोरं तुझ्या वाटेने जाणार नाहीत. रॉकी नकार देतो आणि ताठ मानेने चालू लागतो. शेवटच्या खोलीत शिरल्यावर मात्र त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. भिंतीवरच्या सावल्या, नळाला घट्ट धरलेले हात आणि गयावया करणारा आवाज एवढंच येतं. तो खरंच भ्याला, की मित्राचं मागणं पुरं केलं? कॅग्नीने ते मुद्दाम उघडं ठेवलं. दिग्दर्शक मायकल कर्टिझने चेहरा दाखवला असता तर प्रश्न तिथेच संपला असता. या भूमिकेसाठी कॅग्नीला ऑस्करचं नामांकन मिळालं. पुरस्कार मिळाला तो ‘यांकी डूडल डँडी’ (१९४२) साठी, आणि त्यात तो नाचतो.

‘द पब्लिक एनिमी’विषयी एक तपशील ठाऊक असला तर सुरुवात गोंधळात टाकत नाही. टॉमच्या भूमिकेसाठी आधी एडवर्ड वुड्सला घेतलं होतं आणि कॅग्नी मित्राचं काम करत होता. चित्रीकरण सुरू झाल्यावर दोघांची अदलाबदल झाली, पण त्यांच्या लहानपणच्या भूमिका करणारी मुलं बदलली नाहीत. त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत कॅग्नीसारखा दिसणारा मुलगा मोठेपणी वुड्स होतो आणि दुसरा कॅग्नी होतो.

प्रश्न : “यू डर्टी रॅट” हे वाक्य कॅग्नीच्या कोणत्या चित्रपटात आहे?

नकलाकारांनी प्रसिद्ध केलेलं हे वाक्य त्या रूपात त्याने कोणत्याच चित्रपटात म्हटलेलं नाही. सर्वांत जवळचं वाक्य ‘टॅक्सी!’ (१९३२) मध्ये आहे. तिथे तो बंद दाराआडच्या माणसाला ‘पिवळ्या पोटाचा घाणेरडा उंदीर’ असं म्हणून बाहेर बोलावतो.

प्रश्न : माझ्याकडच्या प्रतींमध्ये डोकी कापलेली दिसतात, काहींत चेहरे रुंद दिसतात आणि बोलणं खरखरतं. प्रत खराब आहे की टीव्ही?

बहुतेक वेळा टीव्ही, आणि दुरुस्ती पाच मिनिटांची आहे.

१९३२ नंतरच्या या चित्रपटांची चौकट १.३७ : १ अशी आहे, म्हणजे रुंदी उंचीपेक्षा थोडीच जास्त. आजच्या १६ : ९ पडद्यावर ती बरोबर बसली तर डाव्या-उजव्या बाजूला पडद्याच्या रुंदीच्या साधारण ११ ते १२ टक्के एवढ्या काळ्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत. पट्ट्या नाहीत आणि चेहरे रुंद आहेत, तर चित्र आडवं ताणलेलं आहे, जवळजवळ ३० टक्के. पट्ट्या नाहीत आणि चेहरे ठीक आहेत, तर चित्र झूम झालेलं आहे आणि वरचा-खालचा मिळून जवळपास पाव भाग गेला आहे. टोप्या आणि कपाळं तिथेच जातात. टीव्हीच्या चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये ‘४ : ३’ किंवा ‘मूळ’ निवडा. तरी फरक पडला नाही तर प्रत बनवतानाच कापलेली आहे, ती सोडून द्या.

१९२९ ते १९३१ मधल्या काही बोलपटांची चौकट आणखी चौरस, १.२० : १ च्या आसपास होती. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी छापल्यामुळे चित्राची रुंदी कमी झाली होती. १९३२ मध्ये उंचीही कमी करून प्रमाण पुन्हा जुळवण्यात आलं. तेव्हा ‘द पब्लिक एनिमी’च्या एखाद्या प्रतीत पट्ट्या जास्त जाड, प्रत्येकी १६ टक्क्यांपर्यंत दिसल्या तर ते चूक समजू नका.

मग ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, पण काम एकच : सेकंदाला २४ चित्रांच्या मध्ये टीव्ही स्वतःची चित्रं घुसवतो. कॅग्नीच्या झटक्यांची धार त्यानेच बोथट होते. ‘नॉइज रिडक्शन’ही बंद ठेवा. ते फिल्मचा कण पुसतं, त्याबरोबर चेहऱ्यावरच्या बारीक रेषाही पुसतं. शार्पनेस कमी करा.

आवाज एकाच वाहिनीचा आहे. सराउंडचे सगळे कृत्रिम परिणाम काढून साधा स्टीरिओ ठेवा, आवाज मधून येऊ द्या. बास थोडा उतरवला तर बोलणं मोकळं होतं. आणि सबटायटल्स लावायला संकोच करू नका. शिकागो-न्यूयॉर्कच्या गल्लीतली बोली, तीही अशा वेगात, कानाला सहज लागत नाही.

लांबीबद्दल एक सूचना. युरोपीय पॅल पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला २५ चित्रांनी चालतो. त्यामुळे ९३ मिनिटांचा ‘स्कारफेस’ ८९ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. चार मिनिटं कमी दिसली म्हणून काही कापलं आहे असं नाही. ‘द पब्लिक एनिमी’च्या जुन्या प्रतींमधून मात्र खरंच काही भाग गेला होता. पुन्हा प्रदर्शित करताना चित्रपटांच्या आचारसंहितेमुळे (तिच्याबद्दल पुढे येईलच) शिंप्याकडे माप देण्यासारखे प्रसंग कापले गेले होते, ते २००५ च्या डीव्हीडीपासून परत आले. विकत घेताना त्यानंतरची आवृत्ती घ्या.

प्रश्न : ‘स्कारफेस’मध्ये सगळीकडे फुल्या दिसतात असं वाचलं. पाहताना दोनच सापडल्या. आणि या चित्रपटाचे दोन शेवट आहेत का?

इथे १९३२ च्या, हॉवर्ड हॉक्सच्या चित्रपटाबद्दल बोलतो आहोत. वर्तमानपत्रं त्या काळी खुनाच्या जागेच्या छायाचित्रावर फुली मारत, तीच हॉक्सने मरणाची खूण केली. नायक टोनी कमोंटे (पॉल म्युनी) याच्या गालावरचा व्रण फुलीचा आहे, हे तुम्हाला दिसलंच असेल. बाकीच्यांसाठी माणसाकडे न पाहता त्याच्या मागे-वर पाहा. सात माणसांना भिंतीशी उभं करून मारतात त्या गॅरेजच्या प्रसंगात कॅमेरा आधी छताच्या आडव्या-तिरप्या लाकडांवर असतो, तिथे सात फुल्या ओळीने आहेत. बोरिस कार्लॉफने केलेला टोळीवाला बोलिंग खेळताना मारला जातो, त्याआधी गुणपत्रिकेवर त्याच्या यशस्वी फेकीची फुली मारली जाते. त्याचा चेंडू सगळ्या बाटल्या पाडतो, शेवटची जराशी डुलून पडते. टोनीचा साथीदार रिनाल्डो याच्या खोलीच्या दारावर रोमन दहाचा आकडा आहे. टोनीच्या बहिणीच्या पोशाखाचे पट्टे पाठीवर एकमेकांना छेदतात. काही फुल्या केवळ सावल्यांच्या आहेत, त्यासाठी ली गार्म्सच्या छायालेखनाची चांगली प्रतच हवी.

सुरुवातीचा लांब शॉटही सुटू देऊ नका. रस्त्यावरच्या दिव्यापासून निघून कॅमेरा मेजवानी उरकलेल्या दालनात शिरतो. झाडू मारणारा माणूस, लोंबणाऱ्या कागदी पट्ट्या, टेलिफोनकडे जाणारा टोळीप्रमुख, आणि मग भिंतीवरची सावली शीळ घालत येते. ती शीळ दोनिझेत्तीच्या ऑपेरातली आहे. टोनी पुढे कधी ती धून वाजवू लागला, की सावध व्हा.

शेवटांचं म्हणाल तर हो, दोन आहेत. मूळ शेवटात टोनी अश्रुधुराने घराबाहेर निघतो, गयावया करतो, पळू लागतो आणि पोलिसांच्या गोळ्यांनी पडतो. वर प्रवास कंपनीची ‘जग तुमचं आहे’ ही पाटी झळकत असते. सेन्सॉरच्या आग्रहाखातर दुसरा शेवट चित्रित झाला, त्यात न्यायाधीश त्याला सुनावतो आणि त्याला फाशी होते. हा शेवट पॉल म्युनी आणि हॉक्स यांच्याशिवाय केला, म्हणूनच त्यात टोनीचा चेहरा येत नाही. एवढं करूनही न्यूयॉर्कचे सेन्सॉर समाधानी झाले नाहीत, तेव्हा निर्माता हॉवर्ड ह्यूजने कमी कडक राज्यांत आपल्या पसंतीची आवृत्ती लावली. वर्तमानपत्राचा मालक नागरिकांना उपदेश करतो तो लांबलचक प्रसंगही बाहेरून घुसवलेला आहे. तो पाहताना वेग अचानक मेला असं वाटलं, तर तुमची नजर बरोबर आहे. पुढे ह्यूजने चित्रपट वितरणातून काढून घेतला आणि तो अमेरिकेत पुन्हा रीतसर मिळू लागला तो त्याच्या मृत्यूनंतर, १९७९ मध्ये.

प्रश्न : या कथा खऱ्या घटनांवर किती आधारलेल्या आहेत?

प्रसंग पुष्कळदा खरे, माणसं जुळवलेली. अमेरिकेतली दारूबंदी जानेवारी १९२० ते ५ डिसेंबर १९३३ अशी चालली आणि लेखकांपैकी काही जण, हेक्ट त्यातला एक, शिकागोत वार्ताहर होते. ‘स्कारफेस’मधला गॅरेजचा प्रसंग १४ फेब्रुवारी १९२९ च्या हत्याकांडाचा आहे, त्यात सात जण मारले गेले. फुलांच्या दुकानातल्या खुनामागे १९२४ मध्ये आपल्याच दुकानात मारला गेलेला डीन ओबॅनियन आहे. सुरुवातीचा टोळीप्रमुख हा १९२० मध्ये स्वतःच्या कॅफेत मारला गेलेला बिग जिम कोलोसिमो. ‘द पब्लिक एनिमी’त नेल्स नेथन घोड्यावरून पडून मरतो ही गोष्ट १९२३ मध्ये नेल्स मॉर्टनच्या बाबतीत घडली होती.

शेवट मात्र रचलेले. ‘स्कारफेस’च्या टोनीमागे शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन आहे, पण तो पोलिसांच्या गोळीने मेला नाही. १९३१ मध्ये कर चुकवल्याबद्दल त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली आणि तो १९४७ मध्ये आजारपणात गेला.

प्रश्न : मशीनगनच्या गोळ्या भिंतीवर फुटताना दिसतात, ते कसं करत?

खऱ्या गोळ्यांनी. विजेवर उडणारे छोटे स्फोटक तुकडे रुळण्याआधीचा काळ होता. स्टुडिओ कसलेला नेमबाज ठेवत आणि तो नटाच्या शेजारच्या भिंतीवर गोळ्या झाडे. ‘द पब्लिक एनिमी’त कॅग्नी कोपऱ्याआड सरकतो आणि दुसऱ्या क्षणी त्याच कोपऱ्याचे टवके उडतात, तो शॉट असाच घेतला. ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’च्या वेळी त्याने आपण चौकटीत असताना गोळ्या झाडायला नकार दिला. त्याच्याविना शॉट घेतला तेव्हा एक गोळी उसळून नेमकी त्याचं डोकं असतं तिथून गेली, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलं आहे.

प्रश्न : रॉबिन्सन खऱ्या आयुष्यातही तसाच होता का?

अगदी उलट. बुखारेस्टला १८९३ मध्ये जन्मलेला इमॅन्युएल गोल्डनबर्ग म्हणजेच एडवर्ड जी. रॉबिन्सन. चित्रांचा जाणकार संग्राहक आणि बंदुकीच्या आवाजाला दचकणारा. ‘लिटल सीझर’मध्ये गोळी झाडताना त्याचे डोळे आपोआप मिटत, म्हणून पापण्यांना चिकटपट्टी लावावी लागली. ती न मिटणारी नजर रिकोला भयानक करते. कॅग्नी शरीराने बोलतो, रॉबिन्सन तोंडाने : सिगार एका कडेला आणि वाक्यं दुसऱ्या कडेने, तुटक. ‘की लार्गो’ (१९४८) मध्ये तो पंख्याच्या वाऱ्यात, पाण्याने भरलेल्या टबात सिगार ओढत प्रथम दिसतो. एवढ्या मोठ्या नटाला अभिनयाचं ऑस्कर नामांकन एकदाही मिळालं नाही, ही त्या पुरस्काराची मोठी चूक आहे. सन्मानाचं ऑस्कर १९७३ मध्ये जाहीर झालं आणि ते प्रदान होण्याआधीच तो गेला.

प्रश्न : १९३५ मध्ये कॅग्नी एकदम पोलिसांच्या बाजूने कसा गेला?

‘जी मेन’बद्दल विचारता आहात. चित्रपटांची आचारसंहिता १९३० मध्येच लिहिली गेली होती, पण ती पाळलीच पाहिजे अशी व्यवस्था जुलै १९३४ पासून आली. कॅथलिक संघटनांनी बहिष्काराचा धाक घातला होता. आचारसंहिता राबवणाऱ्या जोसेफ ब्रीनच्या कार्यालयाचं प्रमाणपत्र नसलेला चित्रपट मोठ्या स्टुडिओंच्या साखळीत लागणं बंद झालं, आणि मोडणाऱ्याला २५ हजार डॉलरचा दंड ठरला. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असं काही चालेना. वॉर्नर ब्रदर्सने उपाय काढला : तोच नट, तीच बंदूक, तोच वेग, फक्त खिशात सरकारी बिल्ला. १९३८ च्या अखेरीस गुन्हेगाराच्या हाती मशीनगन दाखवण्यावरही बंदी आली.

हे बंधन नुकसानीचंच होतं असं आम्हाला वाटत नाही. १९३१ च्या चित्रपटांत जे जोशाने येतं ते १९३८-३९ मध्ये दुःखाने येतं. ‘द रोअरिंग ट्वेंटीज’मध्ये एडी बार्टलेट (कॅग्नी) युद्धावरून परततो, काम मिळत नाही, दारूच्या धंद्यात चढतो आणि १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळल्यावर पुन्हा टॅक्सी चालवू लागतो. बर्फ पडलेल्या चर्चच्या पायऱ्यांवरचं त्याचं मरण दिग्दर्शक राउल वॉल्शने लांबवलं आहे : धावणं, तिरकं होणं, चार पायऱ्या वर, मग खाली. पुन्हा त्या नर्तकाच्या पायांकडे पाहा.

प्रश्न : या चित्रपटांत बायकांना काही काम आहे का?

कमी, आणि ते खटकतं. ‘द पब्लिक एनिमी’त नाश्त्याच्या टेबलावर मे क्लार्कच्या तोंडावर अर्धं ग्रेपफ्रूट दाबलं जातं, तो प्रसंग आज हसून पाहता येत नाही, आणि येऊही नये. तरी काही नट्यांनी मिळालेल्या जागेतून पात्रं उभी केली. ‘स्कारफेस’मध्ये ॲन ड्वोराक, टोनीइतकीच अधीर. ‘द रोअरिंग ट्वेंटीज’मध्ये ग्लॅडिस जॉर्ज, चित्रपटाचं शेवटचं वाक्य तिच्या वाट्याला आलं आहे. ‘की लार्गो’त क्लेअर ट्रेव्हर. एका पेल्यासाठी तिला सगळ्यांसमोर गायला लावतात, गळा साथ देत नाही, आणि तरीही गुंड झालेला रॉबिन्सन तिला दारू नाकारतो. त्या भूमिकेसाठी तिला सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. ‘व्हाइट हीट’मधली मार्गारेट विचर्लीची आई तर मुलापेक्षा थंड डोक्याची आहे.

प्रश्न : हम्फ्री बोगार्टला नायक व्हायला एवढी वर्षं का लागली?

कारण वरच्या जागा भरलेल्या होत्या. ‘द पेट्रिफाइड फॉरेस्ट’मधला गुंड ड्यूक मँटी त्याने रंगभूमीवर केला होता, पण १९३६ च्या चित्रपटासाठी स्टुडिओला रॉबिन्सन हवा होता. मुख्य नट लेस्ली हॉवर्डने “बोगार्ट नाही तर मी नाही” असं कळवलं म्हणून त्याला भूमिका मिळाली. बोगार्टने पुढे मुलीचं नाव लेस्ली ठेवलं. नंतरची चार वर्षं तो बहुधा कॅग्नी-रॉबिन्सनच्या हातून मरत राहिला. ‘हाय सिएरा’ (१९४१) जॉर्ज राफ्टने नाकारला आणि तो त्याच्याकडे आला. त्यातही श्रेयनामावलीत आयडा लुपिनोचं नाव आधी आहे. या चित्रपटातला थकलेला, माणुसकी शिल्लक असलेला दरोडेखोर रॉय अर्ल पाहिला, की पुढचा बोगार्ट कुठून आला ते कळतं.

प्रश्न : आमच्या चित्रपट मंडळात एका संध्याकाळी दोन चित्रपट दाखवायचे आहेत. कोणते?

पहिल्या उत्तरात एका बैठकीत दोन नकोत म्हटलं, ते सारख्या काळातल्या जोडीबद्दल. ‘द पब्लिक एनिमी’ आणि ‘व्हाइट हीट’ यांत अठरा वर्षांचं अंतर आहे, नट तोच आहे आणि दोन्ही कथांत आई आहे. दोन्ही मिळून १९७ मिनिटं होतात. मध्ये २० मिनिटं थांबा आणि ओळख पाच मिनिटांत आटपा.

दुसऱ्या चित्रपटाआधी प्रेक्षकांना तुरुंगातल्या भोजनगृहाचा प्रसंग लक्षपूर्वक पाहायला सांगा. कोडी जॅरेट (कॅग्नी) आईची खबर विचारतो. प्रश्न एका कैद्याकडून दुसऱ्याच्या कानात असा टेबलाच्या टोकापर्यंत जातो, कॅमेरा त्याबरोबर सरकतो आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. आई मेल्याचं कळल्यावर कॅग्नी आधी काहीच करत नाही. मग घशातून एक आवाज निघतो, तो टेबलावर चढतो, भांडी उधळत जातो आणि पहारेकऱ्यांना ठोसे मारत सुटतो. आजूबाजूच्या नटांना तो नेमकं काय करणार याची कल्पना दिलेली नव्हती, त्यांचे दचकलेले चेहरे खरे आहेत.

तांत्रिक काळजी एवढीच : १९३१ च्या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ नाही, संवाद आणि रस्त्यावरचे आवाज एवढंच आहे, तर ‘व्हाइट हीट’ला मॅक्स स्टायनरचा पूर्ण वाद्यवृंद आहे. पहिल्यासाठी वाढवलेला आवाज तसाच ठेवून दुसरा सुरू केलात, तर पहिल्याच मिनिटाला लोक कानांवर हात ठेवतील. मध्यंतरात दुसऱ्याची पहिली दोन मिनिटं लावून आवाज उतरवून घ्या, आणि शेवटच्या टाक्यांच्या स्फोटापर्यंत स्पीकर फाटत नाही ना, ते आदल्या दिवशीच तपासा.